शेजारणीचा प्रश्न

"बाईमागचं घर ऐकत जा," बोंद्रे मॅडमनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. "शब्द ती विचार करून बोलते. मागचे आवाज तिच्या हातात नसतात."

मी "हो मॅडम" म्हटलं आणि घरी येऊन मोबाईलमध्ये मागचे आवाज पुसून टाकणारं एक ॲप घेतलं.

माझी ओवी तेव्हा नुकती बसायला लागली होती. आम्ही विट्यात राहत होतो. बोंद्रे मॅडम वकील. गावच्या छोट्या रेडिओ केंद्रावर दर गुरुवारी दुपारी त्या लोकांच्या कायद्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या. लोक मोबाईलवरून बोलून प्रश्न पाठवायचे. ते ऐकायचे, त्यातलं नावगाव, रडणं, शिव्याशाप काढून टाकायचे आणि उरलेला प्रश्न माझ्या आवाजात रेकॉर्ड करून द्यायचा, हे माझं काम. कॉलेजात मॅडम आम्हाला व्याख्यानं द्यायला यायच्या, त्या ओळखीवर मिळालेलं. "माझ्या दिरानं दारातला शेवगा तोडला, त्याच्या हाताला किडे पडतील" असं कुणी म्हटलं की मी कोरड्या आवाजात वाचायची, "सामाईक जागेतील झाड एका हिस्सेदाराने तोडल्यास काय करावे?" मॅडमचं उत्तरही तसंच. सुरुवात ठरलेली, "सर्वसाधारणपणे..."

बायका कधी स्वतःचं विचारत नसत. प्रत्येकीची एक शेजारीण असायची. शेजारणीला नवरा मारतो, शेजारणीचे दागिने सासूकडं आहेत, शेजारणीला माहेरच्या जमिनीत हिस्सा मागायचाय. मी हसले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "शेजारीण म्हणजे तीच, हे धरून चालायचं. पण हसायचं नाही." ही दुसरी सूचना मात्र मी पक्की लक्षात ठेवली.

माझा नवरा संग्राम गलाईच्या धंद्यात. आमच्याकडचे निम्मे पुरुष सोनंचांदी गाळायला देशभर पांगलेले. त्याचं दुकान तिकडं तमिळनाडूत, सेलमला. "वरची खोली नीट करून घेतो, मग तुम्हाला नेतो," म्हणायचा. तोवर मी सासूबाईंजवळ. त्यांना मी आत्या म्हणते. घरात आत्या, थोरली जाऊ मंजूअक्का, आणि थोरले दीर, ते दिवसभर मागाच्या शेडवर. अक्कांना मूलबाळ नव्हतं. ओवीच्या बारशाला पाळण्याची दोरी अक्कांच्या हातात देऊन आत्या सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या होत्या, "ही थोरलीची. पुढची धाकटीची."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण दोरी मी लगेच मागून घेतली होती.

माझी खोली घराच्या अगदी मागं. मागची भिंत सामाईक. पलीकडं तारळेकरांचं घर, पण त्याचं दार दुसऱ्या बोळात. आमच्या उंबऱ्यावरून त्यांच्या उंबऱ्यावर जायचं तर मारुतीच्या देवळाला वळसा घालून जावं लागे, त्यामुळं कुणी जात नसे. भिंतीत एक कोनाडा होता. त्यात मोबाईल ठेवून बोललं की आवाज घुमायचा नाही, म्हणून मी रेकॉर्डिंग तिथंच करायची.

गल्लीत दिवसभर यंत्रमागांची खडखड. तिची इतकी सवय, की वीज गेली आणि माग थांबले, की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. अशाच एका दुपारी माग थांबले आणि कोनाड्यातून आवाज आला. टक. मग जरा थांबून, टक टक.

ओवी अंथरुणावर बसली होती. तिनं मान वळवली आणि भिंतीकडं बघून हसली. अनोळखी आवाजाला दचकतात तशी नाही. ओळखीच्या माणसाकडं बघून हसावं तशी.

मी तिला उचलून स्वयंपाकघरात गेले.

"आत्या, मागच्या घरात कोण राहतं?"

"कोण न्हाई. तारळेकराचं घर कवाच बंद पडलंय. पोरगा सुरतेला, म्हातारी त्याच्याकडं."

"भिंतीवर वाजतंय."

"घूस असंल."

"घूस थांबून थांबून वाजवत नाही, आत्या."

अक्का पीठ मळता मळता हसल्या. "झोप हुईना रेवतीची. लेक रात्रभर नाचवती, मग दुपारी घुशी तबला वाजवत्यात."

आत्या हसल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या, जरा जास्तच वेळ.

त्यानंतर दोनेक आठवड्यांत तो पहिला मेसेज आला. म्हातारा, घोगरा आवाज, मध्ये मध्ये दम खाणारा.

"नमस्कार ताई. शेजारणीचं इचारायचंय. तान्हं लेकरू दत्तक द्यायचं म्हणत्यात तिच्या घरची. नवऱ्याला गळ घातलीया. बाईला अजून पत्ता न्हाई. तर आईची सही लागती का? मी शेजारणीचंच इचारतीया बरं का. माझं काय न्हाई."

शेवटची दोन वाक्यं मी सवयीनं कापली. इतक्या म्हाताऱ्या बाईचं तान्हं लेकरू कसं असेल, असं क्षणभर वाटलं. मग मीच उत्तर काढलं, सुनेचं किंवा लेकीचं असणार. बारसंही आठवलं. तेही मी पुसलं, मागचे आवाज पुसले तसं.

गुरुवारी स्वयंपाकघरात रेडिओ लागला होता. आत्या तांदूळ निवडत होत्या, अक्का ओवीला मांडीवर घेऊन भात भरवत होत्या. माझाच आवाज घरात घुमला, "तान्हे मूल दत्तक देताना आईची संमती आवश्यक आहे का?"

"सर्वसाधारणपणे, हो," मॅडम म्हणाल्या. "वडिलांना एकट्याला मूल दत्तक देता येत नाही. आईची संमती लागतेच. अपवाद तीन. तिनं संसार कायमचा सोडून संन्यास घेतला असेल, धर्म बदलला असेल, किंवा कोर्टानं ती वेडसर असल्याचं ठरवलं असेल."

अक्कांचा घास ओवीच्या तोंडापाशी थांबला. ओवीनं आ वासलेलाच.

"चांगला हुता आजचा प्रश्न," आत्या म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागल्या.

आणि त्या गुरुवारनंतर आत्या माझ्याशी फार मायेनं वागायला लागल्या. सकाळी चहा देताना विचारायच्या, "काय गं, आज वाजलं का?" दूधवाल्यासमोर विचारायच्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर विचारायच्या. मी खरं तेच सांगायची. बायका "अगं बाई" म्हणायच्या आणि ओवीला जवळ ओढून घ्यायच्या.

संग्रामचा फोन आला. "आई म्हणतेय तुला आवाज ऐकू येतात."

"आवाज नाहीत. एक आवाज. टकटक."

"काय म्हणतो तो आवाज?"

"संग्राम, टकटक काय म्हणेल?"

तो म्हणाला, "ती काळजीनंच बोलतेय. सांगलीला एक मोठे डॉक्टर आहेत. दाखवून घे. आणि ओवीला जरा अक्कांजवळ झोपू दे, तुला आराम मिळेल."

पाळणा अक्कांच्या खोलीत गेला. मी मागच्या खोलीत एकटी. आता माग थांबले की मी भिंतीपासून लांब बसायची, आणि तरी कान तिकडंच. एकदा खोकल्यासारखं काही. एकदा लाकडी काही फरशीवरून ओढल्यासारखं. आणि एकदा, मी ओवीला दुपारचं झोपवत असताना, भिंतीतून कुणीतरी माझ्याबरोबर गुणगुणल्यासारखं.

त्याची जास्त भीती वाटली. कारण मी म्हणायची ते दुसऱ्या कुणाला येणंच शक्य नव्हतं. माझे वडील जतच्या डेपोत कंडक्टर होते. मला झोपवताना ते गाडीचे थांबे एका चालीत म्हणायचे, तेच मी ओवीला म्हणायची. जत, डफळापूर, कवठेमहांकाळ. भिवघाटाला थांबायचं, कारण तिथं घाट, आणि बाळाच्या पोटात गुदगुल्या करायच्या. मग खानापूर. मग विटा, सगळ्यांनी उतरून घ्या. हे अंगाईगीत जगात एकाच घरात होतं. भिंतीला ते यायचं कारण नव्हतं.

गुणगुणण्याचं मी आत्यांना सांगितलं नाही. पहिल्यांदा वाटलं, कदाचित त्यांचं बरोबर असेल.

दुसरा मेसेज आला तो अशाच दिवसांत. तोच घोगरा आवाज.

"शेजारणीला घरची म्हणत्यात, तुला आवाज ऐकू येत्यात. तिला येत्यात हो. पर आवाज हाय म्हणून येत्यात. आता घरचीच चार माणसं बोलाय लागली, तर कोर्ट तेवढ्यावर तिला वेडी ठरवतं का? शेजारणीचं हाय हे. माझं न्हाई."

मी कानाला मोबाईल लावून रडले. वाटलं, या गावात माझ्यासारखी आणखी एक आहे. ती म्हातारी आहे, तिलाही घरचे वेडी म्हणतात, आणि तिच्याकडं विचारायला एक खोटी शेजारीण तरी आहे. मला तीही नव्हती. प्रश्न मी नेहमीपेक्षा सावकाश वाचला. उत्तर मलाही हवं होतं.

"सर्वसाधारणपणे, नाही," रेडिओवर मॅडम म्हणाल्या. "घरच्यांच्या सांगण्यावर कुणी वेडं ठरत नाही. डॉक्टरांची तपासणी लागते. आणि न्यायाधीश त्या व्यक्तीला स्वतः समोर बोलावून, बोलून बघतात. तिलाही वकील देता येतो."

"बंद कर गं ते," आत्या अक्कांना म्हणाल्या. "सारखं आपलं कोर्ट नि कोर्ट."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "ही म्हातारी बाई दुसऱ्यांदा आली, रेवती. मागं काय ऐकू येतं?"

"काहीच नाही मॅडम. एकदम स्वच्छ."

"एकदम स्वच्छ कुणाचंच घर नसतं," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात सांगलीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. गुरुवारचीच. थोरले दीर गाडी ठरवून आले. आत्यांनी माझी चांगली साडी इस्त्रीला दिली, डॉक्टरकडं जायला कशाला इस्त्री, मला कळेना.

बुधवारी दुपारी जेवणं झाली. ओवी अक्कांजवळ. मी मोबाईल उघडला, तर तिसरा मेसेज आलेला. ॲप लावायला गेले, तर त्याची फुकटची मुदत संपलेली. मी वैतागून तसंच, न पुसलेलं ऐकायला घेतलं.

आधी मागांची खडखड. त्यात आश्चर्य नव्हतं, अर्ध्या गावात तीच असते. मग खडखड एकदम थांबली. वीज गेली असणार. त्या शांततेत बाई दम घेत होती, आणि तिच्या मागं, लांबून, जाड गोधडीतून यावा तसा आणखी एक बायकी आवाज.

जत. डफळापूर. कवठेमहांकाळ.

मी कानातलं काढलं. खोलीत कोणी नव्हतं. परत लावलं. भिवघाटाला तो आवाज थांबला, एक बाळ खिदळलं. मग, "रेवतीऽ, दूध उतू गेलं बघ." अक्का. दूध सकाळीच उतू गेलं होतं. शेगडी मीच पुसली होती.

त्या बाईचे शब्द मी नंतर ऐकले, परत सुरुवातीपासून.

"ताई, शेजारणीला उद्या डॉक्टरकडं न्हेणार. संगं कागद न्हेणारेत. सुई दिली, की गुंगीत सही घ्यायची असं चाललंय बोलणं. तशी सही चालती का? तिला बिचारीला ठावंच न्हाई, ती काय इचारणार. मी शेजारणीचंच इचारतीया हो. कितीदा सांगू. माझं काय न्हाई."

इकडंही वीज गेलेली होती, माग थांबलेले. मी उठून कोनाड्यापाशी गेले. बोटानं एकदाच वाजवलं.

"कोण आहे?" मी म्हटलं.

पलीकडं काहीतरी हललं. कुणीतरी श्वास घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा. तेवढ्यात वीज आली, सगळ्या गल्लीचे माग एकदम सुरू झाले आणि जे काही उत्तर होतं ते त्यात गेलं.

आत्या माजघरात पडल्या होत्या. मी अक्कांच्या खोलीत गेले. "अक्का, ओवीचा डोस राहिलाय. दवाखान्यात जाऊन येते."

"आज? मी यिऊ का संगं?"

"नको. उन्हाचं तुम्हाला कशाला."

अक्कांनी ओवीला टोपडं बांधलं. गाठ सोडली, परत बांधली. "उन्हाची जपून ने," म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता ती माझ्या हातात दिली.

मॅडमचं ऑफिस बाजारपेठेत, कापडाच्या दुकानावर. मी मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो मेसेज ऐकला, मग डोळे मिटून पुन्हा ऐकला. ओवी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट चाटत होती.

"ही तुझी शेजारीण आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "मी तिची शेजारीण आहे."

त्या उठून चपला घालायला लागल्या.

मारुतीच्या देवळाला वळसा घालून आम्ही पलीकडच्या बोळात गेलो. मी त्या गावात लग्न होऊन आले त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि त्या बोळात माझं पहिलं पाऊल तेव्हा पडलं. निळं दार, रंग उडालेलं. बाहेर कुलूप नव्हतं. मॅडमनी ढकललं.

आत अंधार आणि बामाचा वास. खाट भिंतीला अगदी चिकटवलेली. तिच्यावर एक वाळलेली म्हातारी पाय पसरून बसलेली, पायांना पट्ट्या, शेजारी रेडिओ आणि काठी. आणि तिच्या डोक्याशी, भिंतीत, तसाच कोनाडा. पाठीला पाठ लावून दोन कोनाडे, मध्ये एका विटेची जाडी.

तिनं आधी ओवीकडं बघितलं. "हीच व्हय," म्हणाली. "मला वाटलं गोरी असंल. हसण्यावरनं गोरी वाटायची."

त्या अनसूया तारळेकर. सुरतेला मुलाकडं जीव रमेना म्हणून वर्षभरापूर्वी एकट्याच परत आलेल्या. पाय गेलेले. बोळातली एक बाई डबा देऊन जाई. आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता, कारण त्यांचं दार आमच्या गल्लीत नव्हतं.

"तू न्हायला गेलीस की तुझी सासू त्या खोलीत बसून पोराला फोन लावायची," अनसूयामावशी म्हणाल्या. "थोरलीच्या वटीत घालू, धाकटीला आणिक हुतील, म्हणायची. पोरगा म्हणायचा रेवतीला इचार. ही म्हणायची, ती तयार हाय."

"तुम्ही मला हाक का नाही मारली?" मी विचारलं. "नुसतं वाजवत राहिलात."

"ते लेकरू हसतं म्हणून वाजवायची. हाक मारून तुला काय सांगू? दिसत न्हाई, ठाऊक न्हाई, भिंतीतनं म्हातारी बोलली तर तू आधीच अर्धी झाली असतीस." त्यांनी रेडिओवर हात ठेवला. "तू इथं कोनाड्यात प्रश्न बोलायचीस, आणि गुरुवारी तेच ह्यातनं यायचं. म्हटलं, हिला पोचवायची हीच वाट."

"नाव तरी घ्यायचं होतं, मावशी," मॅडम म्हणाल्या.

"नावं तुम्ही कापता की." मावशी शांतपणे म्हणाल्या. "पयल्या प्रश्नाचं उत्तर तर तिच्या सासूच्याच कामाला आलं. मग दुसरा इचारावा लागला."

मॅडमनी खाली बघितलं. मग मला कायदा सांगितला, त्या दिवशी पहिल्यांदा 'सर्वसाधारणपणे' न म्हणता. तुझ्या सहीशिवाय ओवी कुठंही जात नाही. गुंगीतली सही ही संमती नाही. उद्या सांगलीला जायचं नाही. आणि त्यांना हे कसं सांगायचं, ते त्या विचारायला लागल्या, तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुम्ही हितंच बसा मॅडम. हिला जाऊ दे घरात."

मी वळसा घालून परत आले. आत्या उठल्या होत्या, माझ्या खोलीत माझी बॅग भरत होत्या. अक्का दारात.

"कुठं गेलतीस उन्हाची लेकराला घिऊन?"

"डोस द्यायला." मी ओवीला घेऊन पलंगावर बसले. "आत्या, आज दुपारी परत वाजलं."

आत्यांनी अक्कांकडं बघितलं. बघितलंस, असं ते बघणं.

"उद्या दाखवू की डॉक्टरला," त्या मायेनं म्हणाल्या. "काय वाजलं? सांग बरं."

तेवढ्यात वीज गेली. त्या वेळी रोजच जायची. माग थांबले. आणि भिंतीतून, घोगरा, दम खात, चालीवर आवाज आला.

"जत... डफळापूर... कवठेमहांकाळ..."

आत्यांच्या हातातली साडी खाली गेली. "कोण हाय?"

मी ओवीचं टोपडं सोडत होते. "कुठं काय, आत्या?"

"बोलतंय की कोणतरी. भिंतीत."

"मला तर काही ऐकू आलं नाही. तुम्हाला येतं का?"

आत्या अक्कांकडं वळल्या. अक्का भिंतीकडं बघत होत्या. भिवघाटाला आवाज थांबला आणि ओवी, कुणी हात लावला नसताना, खिदळली.

मग भिंतीतून दुसरा आवाज आला. तो त्या घरात दर गुरुवारी ऐकला जायचा, पण तेव्हा रेडिओ बंद होता.

"आईच्या संमतीशिवाय मूल दत्तक देता येत नाही. गुंगीचं औषध देऊन घेतलेली सही चालत नाही. उलट, घेणाऱ्यावरच गुन्हा दाखल होतो."

आत्या पलंगाच्या कडेला बसल्या, माझ्याच शेजारी. त्यांना घाम फुटला होता. तेव्हा पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं, पण भिंतीपलीकडं कोण आहे, ते त्या दिवशी सांगितलं नाही. एक रात्र त्यांना ते तसंच राहू दिलं.

"गुंगीचं मला ठाऊक नव्हतं गं," अक्का दारातून म्हणाल्या. "बाकी होतं." त्या आत गेल्या आणि पाळणा स्वतःच ओढत माझ्या खोलीत घेऊन आल्या.

संग्राम आठवड्याभरात आला. "आई म्हणाली, तू तयार आहेस," एवढंच म्हणाला, आणि खोली नीट झालेली नसतानाच आम्हाला सेलमला घेऊन गेला. अजून आम्ही तिथंच आहोत. ओवी आता शाळेत जाते, तमिळमधून भांडते.

अनसूयामावशींचा मेसेज मला दर गुरुवारी येतो. कधी चुकला नाही. त्यात एक प्रश्न असतो, नेहमी शेजारणीचा. शेजारणीच्या सुनेला माहेरी जायचं नाही, शेजारणीची गाय कुणी बांधून ठेवली. मी मॅडमच्या थाटात उत्तर देते, "सर्वसाधारणपणे, मावशी..." त्या हसतात. मागं माग खडखडत असतात.

या गुरुवारी मेसेज आला नाही. फोन वाजतो, उचलत नाहीत. डबा देणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली, हे त्यांनीच मागं सांगितलं होतं. बोंद्रे मॅडम मुलीकडं नागपूरला आहेत. मी आत्यांना फोन केला. आता आमचं बरं आहे, बोलणं होतं. म्हटलं, कोनाड्याला जरा कान लावून बघा. त्या जाऊन आल्या. "काय ऐकू येत न्हाई गं," म्हणाल्या. गुडघ्यांमुळं त्यांना वळसा घालवत नाही. अक्का आणि दीर लग्नाला बाहेरगावी. पोलिसांना कळवलंय, माणूस पाठवतो म्हणालेत. मी आज संध्याकाळच्या गाडीनं निघतेय, पण सेलम लांब आहे.

आणि मी मागच्या गुरुवारचा मेसेज परत ऐकला. तेव्हा ओवीला डबा भरता भरता ऐकला होता, उत्तरही तसंच घाईत दिलं होतं.

"रेवती, शेजारणीचं इचारतीया. एकटं माणूस घरात पडलं आणि दार आतनं लावलेलं असलं, तर दार फोडणाऱ्याला गुन्हा लागतो का गं?"

"सर्वसाधारणपणे, आधी पोलिसांना कळवावं," मी म्हटलं होतं.

या वेळी मी मागचं ऐकलं. माग नाहीत. रेडिओ नाही. नुसतं कुठंतरी पाणी ठिबकतंय. आणि 'माझं काय न्हाई' हे शेवटचं वाक्य, जे त्या कधी विसरत नाहीत, ते नाही.

तुमच्यापैकी कुणी विट्यात असाल, तर मारुतीच्या देवळामागच्या बोळात जा. निळं दार. कडी वाजवून थांबू नका, त्यांना उठता येत नाही. नाव घेऊन हाक मारा. ओ आली नाही तर दार ढकला, नाही उघडलं तर फोडा, आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

विट्यात नसाल, तर निदान तुमच्या घराच्या मागच्या भिंतीवर एकदा बोटानं वाजवून बघा. उत्तर आलं, तर वळसा घालून भेटून या. आणि आलं नाही, तर आधी जा.